लहान व्यावसायिक बोटीवरची उमेदवारी: काय शिकावं, कोणत्या क्रमानं शिकावं

मोठ्या जहाजावर नवा माणूस गोंधळला तर आजूबाजूला चार जुने हात असतात. पायलट बोट (मोठ्या जहाजांपर्यंत वाटाड्याला नेणारी), प्रवासी लाँच, छोटी टग (ओढबोट), सर्वेक्षणाची बोट, पाणबुड्यांची बोट, बंदरातली कामाची बोट यांवर तसं नसतं. स्किपर (बोटीचा प्रमुख) धरून दोन-तीन माणसं, बस्स. स्किपर सुकाणूवर असतो आणि तिथून त्याला निम्मी बोट दिसतच नाही. मागच्या दोराचं टोक पाण्यात पडलंय का, फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून बाजूला लटकवलेली उशी) वर सरकलाय का, उजवीकडून होडी येतेय का, हे त्याला कळतं ते खलाशी सांगतो तेव्हाच. म्हणजे शिकाऊ असलात तरी पहिल्या फेरीपासून तुम्ही हिशोबात धरलेले आहात.

म्हणूनच शिकण्याचा क्रम महत्त्वाचा. बहुतेकांना सुकाणू आधी हवं असतं. माझ्या मते ते शेवटी यावं. आधी स्वतः सुरक्षित राहणं, मग दोर, मग पाहून सांगणं, मग इंजिन, नांगर आणि आणीबाणी. दोर आणि बोलणं जमलेल्या माणसाला सुकाणू पटकन येतं. नुसतं सुकाणू आलेला माणूस डेकवर मात्र लुडबुडच करतो.

बोट निवडताना

प्रवासी लाँचवर अर्धं काम माणसं सांभाळण्याचं असतं: चढवणं, उतरवणं, मोजणं, शांत ठेवणं. टगवर दोर जाड आणि ताण जबर. पायलट बोट बाकीचे परत फिरतात त्या हवेत बाहेर पडते. सर्वेक्षणाच्या बोटीवर तासन् तास एकाच संथ वेगानं सरळ रेषेत जावं लागतं, आणि कंटाळा हाच तिथला मोठा धोका. मासेमारीच्या बोटींचे नियम आणि प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी वेगळं असतं, त्यामुळे ती वाट धरायची असेल तर सुरुवातीपासूनच तशी धरावी.

कामावर रुजू होण्याआधी मालकाला किंवा स्किपरला तीन गोष्टी विचारा. मला शिकवणार कोण? आग लागली, माणूस पाण्यात पडला, याच्या कवायती किती वेळा होतात आणि त्यांची नोंद कुठे असते? विश्रांतीचे तास कसे धरता? सागरी कामगारांसाठीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं एक माप असं आहे: कुठल्याही २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती. छोट्या स्थानिक बोटींना देशोदेशी वेगळे नियम लागू असू शकतात, पण तुलनेसाठी हे आकडे लक्षात असू द्या. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा हसला, तर दुसरी बोट शोधा.

कागद आणि मूलभूत प्रशिक्षण

सगळ्यात आधी वैद्यकीय तपासणी, आणि त्यातही रंगदृष्टी. रात्री समोरची बोट कुठल्या दिशेनं चाललीय हे तिच्या लाल-हिरव्या दिव्यांवरून ओळखायचं असतं. लाल-हिरव्यात गल्लत होत असेल तर रात्रीच्या पहाऱ्यावर बंदी येऊ शकते. हे अभ्यासक्रमाची फी भरण्याआधी कळलेलं बरं.

खलाशांच्या प्रशिक्षणाचा जागतिक पाया म्हणजे १९७८ चा एसटीसीडब्ल्यू करार. त्यातल्या मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणात चार भाग येतात: पाण्यात जीव वाचवण्याची तंत्रं, आग टाळणं आणि विझवणं, प्राथमिक प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा व सामाजिक जबाबदारी. २०१० च्या दुरुस्त्यांनंतर सुरक्षा-जागरूकतेचं (चाचेगिरी, घातपात अशा धोक्यांबद्दलचं) प्रशिक्षणही जोडलं गेलं. पाण्यात तगणं आणि आग विझवणं यांतली तयारी दर ५ वर्षांनी पुन्हा सिद्ध करावी लागते. फक्त किनाऱ्यालगत चालणाऱ्या छोट्या बोटींना काही देशांत यापेक्षा कमी कागद पुरतात. आपल्या देशाच्या सागरी प्रशासनाकडून ते नक्की करून घ्या. दलालाच्या तोंडी आश्वासनावर पैसे मोजू नका.

जीवरक्षणाच्या वर्गात तराफा उलटा पडला तर तो सुलटा कसा करायचा, हे तलावात करून घेतात. लाजून मागे राहू नका. वर्गातल्या सगळ्या गोष्टींत हीच अशी आहे, जी पुस्तकातून येत नाही.

पहिला आठवडा: बोट पाठ करणं

पहिल्या दिवशी कोऱ्या कागदावर बोटीचा आराखडा काढा. नाळ म्हणजे पुढचं टोक, स्टर्न म्हणजे मागचं. नाळेकडे तोंड करून उभं राहिलं की डावा हात पोर्ट, उजवा स्टारबोर्ड. तुम्ही कुठेही तोंड करा, या बाजू बदलत नाहीत. आता त्यावर अग्निशामक नळकांडी, लाइफबॉय (पाण्यात पडलेल्याकडे फेकायचं तरंगतं कडं), तराफा, प्रथमोपचार पेटी, संकटाचे फ्लेअर, ईपर्ब (उपग्रहामार्फत संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र), डिझेल बंद करण्याचा खटका, बॅटरीचे स्विच, बिल्ज (तळाशी पाणी साठतं ती जागा) उपसणारा पंप आणि हलमधून (बोटीच्या बाहेरच्या कवचातून) बाहेर जाणारी प्रत्येक झडप दाखवा. मग कागद खिशात ठेवून डोळे मिटून प्रत्येक जागेपर्यंत हात न्या. इंजिनखोलीत धूर भरला की डोळ्यांचा उपयोग संपतो.

अंगावर काय असावं? घट्ट बसणारे, न घसरणारे बूट. अंगठी, साखळी, लोंबणाऱ्या नाड्या, मोकळे केस यांना डेकवर जागा नाही. अंगठी क्लीटमध्ये (दोर बांधायच्या दोन शिंगांच्या खुंटीत) अडकली तर बोट जातं, हाताचं बोट. एका हातानं उघडता येईल असा चाकू कायम जवळ हवा.

लाइफजॅकेट नीट समजून घ्या, कारण ‘घातलंय’ आणि ‘चालणार आहे’ यांत फरक असतो. फुगणाऱ्या जॅकेटचं कव्हर उघडा. आतलं गॅसचं सिलिंडर हातानं फिरवून घट्ट आहे का पाहा. थरथरणाऱ्या बोटीवर ते हळूहळू सैल होतं. गंज चढलाय का बघा. सूचक हिरवा हवा. आपोआप फुगण्याच्या यंत्रणेवरची तारीख वाचा. अधूनमधून तोंडाच्या नळीनं जॅकेट फुगवून रात्रभर ठेवा आणि सकाळी पाहा; सैल पडलं असेल तर ते गळतंय. शेवटी मांड्यांमधला पट्टा. बरेच जण तो अडचण होते म्हणून लावत नाहीत. पाण्यात पडल्यावर जॅकेट वर सरकून कानांशी येतं आणि माणूस खाली राहतो, तो याच पट्ट्याअभावी. कामाच्या बोटींवर साधारणपणे १५० न्यूटन उत्प्लावकतेचं जॅकेट दिसतं. जड कपडे आणि अवजारं असतील तर २७५ न्यूटनचं.

बंद जागांबद्दल एकच नियम, पण तो कधीही मोडायचा नाही. साखळीचा कप्पा, रिकामी टाकी, बराच काळ न उघडलेला तळाचा कप्पा यांत स्किपरच्या परवानगीशिवाय आणि हवा तपासल्याशिवाय उतरू नका. ताज्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. बंद कप्प्यात गंजणारं लोखंड तोच खात बसतं, आणि हे नाकाला कळत नाही. आत कुणी बेशुद्ध पडलेला दिसला तरी मागोमाग उडी मारू नका. आरडाओरडा करून माणसं बोलवा. असे अपघात एका माणसावर थांबत नाहीत, कारण वाचवायला उतरणारा दुसरा ठरतो.

दोर: खरी शाळा इथे

पहिला महिना मोकळा प्रत्येक क्षण दोरावर घालवा. गाठी पाचच पुरतात, पण अंधारात, ओल्या हातांनी, पाठीमागे हात घेऊन यायला हव्यात: बोलाइन, क्लोव्ह हिच, राउंड टर्न आणि दोन हाफ हिच, शीट बेंड, फिगर ऑफ एट. चाळीस गाठी येणारा पण बोलाइनला दहा सेकंद लावणारा खलाशी धक्क्याशी कामाचा नाही.

दोराचा धागा ओळखा. नायलॉन ताणला जातो, म्हणून धक्क्याला बांधायला आणि नांगराला चांगला. पॉलिएस्टर कमी ताणतं. पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, म्हणून लाइफबॉयच्या दोराला वापरतात; पण ते उन्हानं कमजोर होतं आणि तरंगत असल्यामुळे बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जायलाही तयार असतं. गाठीनं दोराची ताकद बरीच घटते. पदर एकमेकांत विणून केलेल्या जोडानं, म्हणजे स्प्लाइसनं, ती त्यापेक्षा कमी घटते. मिळेल त्या जुन्या तुकड्यावर डोळ्याचा स्प्लाइस (दोराच्या टोकाला कायमचा फास) करायला शिका.

आता क्लीट. दोर आला की आधी क्लीटच्या लांबच्या शिंगाखालून घेऊन बुडाभोवती एक पूर्ण फेरा. हा फेराच सगळा भार पेलतो. फेरा बसला की बोट ओढत असली तरी तुम्ही दोर हळूहळू सोडू शकता, धरू शकता. मग दोन्ही शिंगांवरून एक-दोन आठचे आकडे. शेवटचा वेढा उलटा करून लॉक मारायचा की नाही, हे त्या बोटीच्या पद्धतीवर. ताणाखाली दोर सोडावा लागतो अशा बोटींवर लॉक मारू देत नाहीत, कारण तो आवळून बसतो. बोटं नेहमी क्लीटपासून हातभर दूर ठेवा आणि दोराचा वेढा कधीही मनगटावर घेऊ नका.

ताठ नायलॉन तुटला की साठलेली ताकद एका क्षणात मोकळी होते आणि टोक चाबकासारखं परत येतं. कुठे येईल याचा भरवसा नाही. दोर रोलरवरून किंवा बोलार्डवरून (दोर बांधायच्या जाड खुंटावरून) वळलेला असेल तर अजिबातच नाही. म्हणून दोरावर भार आला की रेषेतून बाजूला होणं पुरत नाही, ती सगळी जागाच धोक्याची समजा. तसंच, डेकवर पडलेल्या दोराच्या वेढ्यात पाय ठेवू नका. तो आत्ता ढिला असतो, पुढच्या सेकंदाला नसतो.

धक्क्याला लागण्याची कृती मात्र क्रमानं पाठ हवी:

१. धक्का दिसायच्या आतच स्किपरला विचारा: कुठली बाजू लागणार, पहिला दोर कुठला, वारा आणि प्रवाह कुठून?

२. त्या बाजूचे फेंडर लावा. उंची धक्क्याची पाहून ठरवा, बोटीची नव्हे. एक सुटा फेंडर हातात ठेवा.

३. दोर क्लीटपासून रेलिंगच्या बाहेरून घेऊन परत आत आणा. हे विसरलं की दोर रेलिंगखाली अडकतो आणि भार आला की रेलिंगच वाकते. नंतर दोर उलगडून, गुंता नाही याची खात्री करून, निम्मी गुंडाळी एका हातात आणि निम्मी दुसऱ्यात घ्या.

४. अंतर मोठ्यानं सांगत राहा: ‘दहा मीटर... पाच... तीन... दोन... लागली.’ अंदाज चुकला तरी चालेल. गप्प बसलेलं चालणार नाही.

५. उतरायचं ते पाऊल टाकून, उडी मारून कधीच नाही. पाऊल पोचत नसेल तर बोट अजून पोचलेली नाही. ‘नाही’ म्हणून सांगा, स्किपर पुन्हा फिरून येईल.

६. पहिला दोर बहुधा स्प्रिंग असतो, म्हणजे बोटीच्या मध्यापासून मागे किंवा पुढे तिरका जाणारा. तो लागला की स्किपर इंजिनाच्या जोरावर बोट धक्क्याशी दाबून धरू शकतो आणि बाकीचे दोर घाई न करता लावता येतात.

७. बोट धक्क्यावर आदळणार असं दिसलं तर मध्ये फेंडर घाला. हात किंवा पाय कधीही नाही. दहा-पंधरा टनांची बोट हळू येत असली तरी तुमच्या पायानं थांबत नाही.

बांधून झाल्यावर भरती-ओहोटीचा हिशोब. सहा तासांच्या चढ-उतारात पाणी साधारण १, २, ३, ३, २, १ अशा बारांशांनी बदलतं. चढ-उतार ४ मीटरचा असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी तासाला १ मीटरनं सरकतं. भरतीला ताठ बांधून जेवायला गेलेल्याची बोट ओहोटीला दोरांवर लटकते. उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) हा फरक मोठा, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या सुमारास) कमी. दोर लांब ठेवा आणि मधल्या तासांत येऊन पाहा.

टगवर किंवा ओढकाम करणाऱ्या बोटीवर असाल तर आणखी एक. ओढदोर आडवा जाऊन बोटीला बाजूनं खेचू लागला की ती काही सेकंदांत उलटू शकते. म्हणून ओढायच्या हुकाचा झटपट सुटका करणारा खटका काम सुरू होण्याआधी रोज ओढून पाहायचा आणि तो कुठे आहे हे माहीत नसताना ओढदोर लावायचा नाही.

पाहणं आणि सांगणं

समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे आहेत. त्यातला ५ वा नियम सांगतो की डोळ्यांनी, कानांनी आणि उपलब्ध असेल त्या प्रत्येक साधनानं सतत लक्ष ठेवलं पाहिजे. शिकाऊ खलाशाची नोकरी मुख्यतः हीच आहे.

सांगायची एक ठरलेली पद्धत ठेवा: दिशा, वस्तू, अंतर, हालचाल. ‘पोर्टला, नाळेपासून तीस अंश, मासेमारीची बोट, अर्धा मैल, डावीकडून उजवीकडे.’ सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो आणि नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. सुरुवातीला अंतर चुकेल. रडार असेल तर आधी स्वतःचा अंदाज बोला आणि मग पडद्यावर पाहा. आठवड्याभरात डोळा बसू लागतो.

टक्कर होणार की नाही हे ओळखायची साधी खूण: दुसरी बोट आपल्या काचेच्या चौकटीत किंवा रेलिंगच्या खांबाशी एकाच जागी दिसत राहते आणि मोठी होत जाते. म्हणजे तिचं बेअरिंग (आपल्यापासून ती दिसते ती दिशा) बदलत नाहीये आणि अंतर घटतंय. तेव्हा ‘बेअरिंग स्थिर’ एवढे दोन शब्द स्किपरला पुरतात. ती पुढे किंवा मागे सरकताना दिसली तर बहुधा निभावतं, मात्र अगदी मोठं जहाज किंवा ओढकामाचा ताफा जवळ असेल तर त्यावरही विसंबू नका.

रात्रीचे दिवे कोनांसकट लक्षात ठेवा. पोर्टला लाल आणि स्टारबोर्डला हिरवा, प्रत्येकी ११२.५ अंशांत दिसणारा. मागचा पांढरा १३५ अंशांत. यांत्रिक बोटीचा डोलकाठीवरचा पांढरा २२५ अंशांत. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर ती बोट सरळ तुमच्याकडे येतेय. भोंग्याचंही तसंच: एक छोटा म्हणजे ‘मी स्टारबोर्डला वळतोय’, दोन म्हणजे पोर्टला, तीन म्हणजे इंजिन मागे चालवतोय, पाच किंवा जास्त म्हणजे ‘तुझा इरादा मला कळत नाही’. पाच ऐकू आले की स्वतःच्या बोटीकडे आधी पाहा.

स्किपरला काही सांगितलं की त्यानं ‘कळलं’ म्हणेपर्यंत पुन्हा सांगा. त्यानं सांगितलेलं तुम्ही मोठ्यानं परत म्हणा. ‘मागचा सोड’, ‘मागचा सोडतोय’, ‘मागचा सुटला, पाण्याबाहेर.’ या शेवटच्या दोन शब्दांवर स्किपर पंखा फिरवणार असतो. ते खोटे निघाले तर दोर पंख्यात, इंजिन बंद आणि बोट वाऱ्यावर.

इंजिन: रोजचा सकाळचा फेरा

मेकॅनिक होण्याची गरज नाही. रोज त्याच क्रमानं पाहा, म्हणजे बदल लगेच डोळ्यात भरेल. ऑइलची पट्टी, कूलंट, पट्ट्याचा ताण, डिझेलच्या गाळणीच्या काचेत तळाशी साठलेलं पाणी, समुद्राच्या पाण्याची जाळी, झडप उघडी आहे का, बिल्जमध्ये पाणी किंवा तेल. एक पांढरं फडकं इंजिनाखाली पसरून ठेवा. गळती कुठून आहे ते फडकंच सांगतं. इंजिन सुरू झालं की लगेच मागे जाऊन धुराड्यातून पाणी पडतंय का पाहा. नसेल तर तसं ओरडा आणि इंजिन बंद करायला लावा. बहुधा जाळीत कचरा किंवा पिशवी असते, नाहीतर पंपाचा रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं चक्र) गेलेला असतो.

धुराचा रंगही वाचता येतो. काळा: जास्त भार किंवा हवा अपुरी. निळसर: ऑइल जळतंय. पांढरा: वाफ किंवा न जळलेलं डिझेल. पेट्रोलच्या बोटीवर मात्र आधी नाक. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साठते. हवा खेचणारा पंखा लावून ती बाहेर काढल्याशिवाय चावी फिरवायची नाही. बाहेर लावलेल्या इंजिनाची वेगवान बोट असेल तर इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली हवी, प्रत्येक वेळी. तेलकट बिल्ज पाण्यात सोडू नका आणि प्लास्टिक समुद्रात टाकणं आंतरराष्ट्रीय नियमांनी सर्वत्र मना आहे.

नांगर

किती दोर सोडायचा याचा हिशोब आधी करा. आत्ताची खोली ६ मीटर, पाण्यापासून नाळेची उंची १ मीटर, अजून २ मीटर भरती चढणार: एकूण ९. पूर्ण साखळी असेल तर किमान ४ पट, म्हणजे ३६ मीटर. साखळीपुढे दोर असेल तर किमान ६ पट, म्हणजे ५४. वारा वाढणार असेल तर आणखी. साखळीवर दर काही मीटरला रंगाची खूण नसेल तर निवांत वेळी ती करून ठेवा.

बोट थांबून मागे सरकू लागली की मगच नांगर खाली, नाहीतर साखळीचा ढीग नांगरावरच पडतो. साखळीवरून पाय कधीही टाकू नका. नांगर बसला की तिच्यावर तळवा ठेवा: स्थिर असेल तर नांगर धरतोय, खडखडाट हाताला जाणवला तर तो घसटतोय. किनाऱ्यावरच्या एका रेषेत येणाऱ्या दोन खुणा निवडून त्या सरकतात का तेही पाहत राहा. नांगरलेल्या बोटीची खूण लावा: दिवसा काळा गोळा, रात्री चहूकडून दिसणारा पांढरा दिवा.

पाण्यात माणूस पडला तर

६ नॉट वेगात बोट सेकंदाला सुमारे ३ मीटर पुढे जाते, अर्ध्या मिनिटात ९० मीटर. लाटांत डोकं तेवढ्यावर दिसेनासं होतं. त्यामुळे पहिले काही सेकंद खलाशाचे. ओरडा, लाइफबॉय फेका, आणि हात लांब करून त्या माणसाकडे बोट दाखवत राहा. नजर हटवू नका, दुसरं कुठलंही काम हातात घेऊ नका. जीपीएसवरचं, पडल्याची जागा नोंदवणारं बटण स्किपर दाबेल. जवळ आल्यावर पंखा न्यूट्रलमध्ये आहे का, हे विचारून खात्री करा.

१५ अंश सेल्सिअसखालच्या पाण्यात पहिला धक्का श्वासाचा असतो. साधारण पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात आणायचा. पाणी फारच थंड असेल तर पुढच्या दहाएक मिनिटांत हातापायांत जोर उरत नाही. म्हणजे शिडी समोर असूनही त्याला चढता येणार नाही. त्याला उचलण्याची तयारी तुमची हवी. बराच वेळ थंड पाण्यात राहिलेल्याला शक्य तर आडवं उचला आणि आडवंच ठेवा. ही कवायत जुन्या लाइफजॅकेटमध्ये वजन भरून करा, आणि ती एकदा अशी करा की पाण्यात ‘पडलेला’ स्किपरच आहे. दोन माणसांच्या बोटीवर हा प्रसंग आला तर बोट चालवणारे तुम्हीच असाल.

बोटीच्या काठावर वाकून ओकणं किंवा लघवी करणं, विशेषतः रात्री एकट्यानं, हा पाण्यात पडायचा सोपा मार्ग आहे. बादली वापरा. समुद्र लागत असेल तर औषध निघण्याआधी घ्या, नंतर उपयोग होत नाही. त्यानं झोप येते, म्हणून स्किपरला सांगा. नजर क्षितिजावर, जागा बोटीच्या मध्यावर.

रेडिओ

व्हीएचएफ (बोटीवरचा जवळच्या पल्ल्याचा रेडिओ) चॅनेल १६ हा हाक मारण्याचा आणि संकटाचा. ७० हा डिजिटल हाकेसाठी, त्यावर बोलायचं नसतं. संकटसंदेश कागदावर लिहून रेडिओशेजारी चिकटवा: ‘मेडे’ तीनदा, बोटीचं नाव तीनदा, मग पुन्हा एकदा मेडे आणि नाव, ठिकाण, काय झालं, काय मदत हवी, बोटीवर किती माणसं, ओव्हर. जिवाला तातडीचा धोका नसेल तर ‘पॅन पॅन’. ठिकाण लवकर सांगा, कारण बाकीचं तुटलं तरी तेवढ्यावर कुणीतरी निघू शकतं.

आणि आता सुकाणू

इथवर आलात की स्किपर बहुधा स्वतःच बोलावतो. मोकळ्या पाण्यात आधी होकायंत्रावर सरळ जायला शिका. काटा सरकला की चाक थोडंसंच फिरवा आणि बोट वळायला लागली की लगेच परत आणा. मागे फेसाची रेषा सरळ आहे का पाहा. मग एका बोयाशेजारी (पाण्यातल्या तरंगत्या खुणेशेजारी) बोट थांबवण्याचा सराव, आधी वाऱ्याकडे तोंड करून. एका पंख्याच्या बोटीत इंजिन मागे घेतलं की स्टर्न एका बाजूला सरकते. पुढे जाताना उजवीकडे फिरणारा पंखा असेल तर बहुधा पोर्टला. आपली बोट कुठे सरकते हे धक्क्यापासून दूर असताना करून पाहिलं, की धक्क्याला लागताना त्याच ओढीचा उपयोग करून घेता येतो.

नोंदवही

समुद्रातला प्रत्येक दिवस त्याच संध्याकाळी लिहा: तारीख, बोट, तिची लांबी, निघाल्या-पोचल्याची वेळ, तास, हवा, तुम्ही काय केलं. ‘डेकवर काम’ असं लिहू नका. ‘स्प्रिंग लावून स्टारबोर्डला लागलो, वारा धक्क्यावरून बाहेर’ असं लिहा. स्किपरची सही महिन्याच्या महिन्याला घ्या. वर्षभरानं तो दुसऱ्या बोटीवर गेलेला असतो आणि तुमचे दिवस कागदावर येत नाहीत. पुढच्या परवान्याला समुद्रातले किती दिवस आणि कसल्या बोटीवरचे धरले जातात, हे पहिल्याच महिन्यात प्रशासनाच्या नियमांत वाचून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, म्हणजे कुठल्या फेऱ्या मागून घ्यायच्या ते ठरवता येतं. रात्रीच्या फेऱ्या आणि इंजिनखोलीतलं काम सहसा कमी पडतं. ते सुरुवातीपासून मागा.